खाडीकाठच्या पावसाळ्याचे संख्याशास्त्र

हवामानाच्या कोणत्याही दीर्घ नोंदीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक दरवर्षी ठरल्या काळी फिरून येते: चैत्र-वैशाखातला उकाडा, जूनमधला पाऊस, पौषातला गारठा. दुसरी त्या चक्राभोवतीची अस्थिरता. एखाद्या वर्षी मृग कोरडा जातो, एखाद्या वर्षी ऑक्टोबर भिजतो. ऋतुमानाच्या संख्याशास्त्राचे पहिले काम या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचे. काम वाटते तितके सरळ नाही, कारण अस्थिरताही ऋतूप्रमाणे बदलते. फेब्रुवारीत कोकण किनाऱ्यावर पावसाची अनिश्चितता जवळजवळ शून्य असते आणि जुलैत ती एका दिवसाला शेकडो मिलिमीटर इतकी असू शकते. ऋतूबरोबर सरासरी तेवढी बदलते आणि विचलन बारा महिने सारखे राहते, असे मानणाऱ्या पद्धती म्हणूनच इथे फसतात.

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरचे कळवा हे या अडचणी एकाच जागी दाखवणारे ठिकाण आहे. पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, वस्ती आणि पावसाळ्यात हमखास तुंबणारा विटाव्याचा रेल्वे पुलाखालचा रस्ता. इथल्या पावसाची शतकभराची स्वतंत्र नोंद नाही. आधार घ्यावा लागतो तो मुंबईच्या दोन वेधशाळांचा. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली आणि तिथल्या पावसाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जातात. सांताक्रूझची नोंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. दोन्हींमधले अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, कळव्यापासून सांताक्रूझचेही जवळपास तेवढेच. तरीही २६ जुलै २००५ च्या पावसाची नोंद सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाली आणि कुलाब्याला सुमारे ७४. महिन्याच्या बेरजांत दोन्ही केंद्रे बरोबरीने चालतात, दिवसाच्या आकड्यांत मात्र एकमेकांची साथ सोडतात. कळव्यासाठी शेजारच्या केंद्राचा आकडा कितपत चालेल, याचे उत्तर त्यामुळे प्रश्न महिन्याचा आहे की तासाचा, यावर अवलंबून राहते.

विश्लेषणाआधी नोंद तपासावी लागते आणि हा भाग पाठ्यपुस्तकांत जितका थोडक्यात उरकला जातो तितका तो क्षुल्लक नाही. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. रात्रभर कोसळून सकाळी दहाला थांबलेला पाऊस म्हणून दोन दिवसांत विभागला जातो. पर्जन्यमापकाशेजारी इमारत उभी राहिली, झाड वाढले, केंद्र शंभर मीटर सरकले, तर सरासरीत पायरी पडते. ती शोधण्यासाठी केंद्राची संचित बेरीज शेजारच्या केंद्रांच्या संचित बेरजेसमोर मांडतात. रेषेचा कल मधेच बदलला, तर बदल पावसात नसून मापनात आहे अशी शंका घ्यायची. पेटिट चाचणीसारख्या कसोट्या ती पायरी नेमकी कोणत्या वर्षी पडली याचा अंदाज देतात. प्रशासकीय पायऱ्या तर याहून मोठ्या असतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि पंधरा तालुक्यांचा ठाणे जिल्हा सात तालुक्यांचा राहिला. डहाणू-वसईची किनारपट्टी आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग बाहेर गेल्यावर ‘ठाणे जिल्ह्याचा सरासरी पाऊस’ या शब्दांचा अर्थच बदलला. जुन्या आणि नव्या जिल्ह्याचे आकडे एका आलेखात जोडणारा एखादा कल शोधून काढेलही, पण तो आकाशातला नसून राजपत्रातला असेल.

नोंदीनंतर प्रश्न येतो ऋतूच्या सीमेचा. मराठी शेतकऱ्याकडे त्यासाठी संख्याशास्त्राच्या कितीतरी आधीपासून एक विभागणी आहे. सूर्याच्या नक्षत्रप्रवेशावर आधारलेले पावसाचे पंधरवडे, मृगापासून हस्तापर्यंत, प्रत्येकी साधारण तेरा-चौदा दिवसांचे. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस ही नावे म्हणजे एका अर्थाने पंधरवड्यांची वर्णनात्मक सरासरीच. महिन्यापेक्षा बारीक आणि दिवसापेक्षा स्थिर असा हा कालखंड आहे, आणि भाताची राब ते आवणी ही कामे ज्या वेगाने सरकतात त्याच्याशी तो जुळतो. कॅलेंडरच्या महिन्यांपेक्षा तो अधिक उपयोगी आहे, असे म्हणायला हरकत नाही. एक दोष आहे: नाक्षत्र वर्ष ऋतुवर्षापेक्षा किंचित मोठे असल्याने सुमारे ७२ वर्षांत ही विभागणी ऋतूच्या एक दिवस पुढे सरकते. शंभर वर्षांच्या नोंदीत हा दोष नगण्य, हजार वर्षांच्या म्हणीत मात्र नाही.

हवामान विभागाचा नैर्ऋत्य मोसमी पावसाचा हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर असा पक्का आहे. २०२० मध्ये विभागाने आगमन-परतीच्या सरासरी तारखा सुधारल्या. मुंबईचे आगमन १० जूनऐवजी ११ जून झाले आणि परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे सरासरी वर्षीदेखील मोसमी पावसाचा शेवटचा आठवडा हंगामाच्या हिशेबाबाहेर राहतो. २०२५ साली तर उलटे टोक दिसले. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, १९५० पासूनच्या नोंदीतला सर्वांत लवकरचा, आणि मेअखेरपर्यंतचा सारा पाऊस मोसमपूर्व खात्यात जमा झाला. सीमा पक्की ठेवल्याने वर्षांची तुलना सोपी होते. सीमा पावसाबरोबर सरकवली तर ऋतूचे खरे रूप कळते, पण आगमनाची व्याख्या करण्याची जबाबदारी येते. कोणत्या केंद्रांवर, सलग किती दिवस, किती पाऊस आणि वाऱ्याची दिशा कोणती, हे ठरवावे लागते. लांब अभ्यासात दोन्ही हिशेब शेजारी ठेवणे चांगले. एकच निवडायचा तर सरकत्या सीमेचा निवडावा, कारण पक्क्या सीमेच्या हंगामात आगमनाचा बदल आणि तीव्रतेचा बदल एकमेकांत मिसळून जातात.

सरासरी काढण्याची रूढ रीत तीस वर्षांची. अखिल भारतीय हंगामी सरासरीसाठी मात्र हवामान विभाग पन्नास वर्षे घेतो, आणि १९७१ ते २०२० या काळावरून ती ८७ सेंटिमीटर ठरवली आहे. त्याआधीचा आकडा ८८ आणि त्याहीआधीचा ८९ होता. एखाद्या वर्षाचा ‘१०० टक्के पाऊस’ त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या १०० टक्क्यांइतका नसतो. टक्केवारी वाचताना पाया कोणता, हे विचारलेच पाहिजे. मुंबईत सांताक्रूझची हंगामी सरासरी सुमारे २,३१९ मिलिमीटर आणि कुलाब्याची सुमारे २,०९५. वाटणीतही देश आणि कोकण यांत फरक आहे. देशाचा जून-जुलैचा वाटा हंगामाच्या निम्म्याच्या जरा वर, तर सांताक्रूझला तो साठ टक्क्यांच्या पुढे जातो. एकट्या जुलैत सुमारे ९२० मिलिमीटर. इतक्या तिरप्या वितरणात सरासरी आणि मध्यक दूर जातात. दोन-चार प्रचंड दिवस सरासरी वर ओढतात आणि निम्म्याहून अधिक वर्षे ‘सरासरीपेक्षा कमी’ ठरतात, ज्यावरून दुष्काळाच्या बातम्या छापल्या जातात.

वार्षिक चक्राला सूत्रात बसवण्याची सर्वांत जुनी पद्धत हरात्मक विश्लेषणाची. बारा महिन्यांच्या सरासरीवर वर्षातून एकदा फिरणारी लाट, मग दोनदा फिरणारी, मग तीनदा, अशा लाटा चढवत जायचे. तापमानासाठी बहुतेक ठिकाणी पहिली लाटच पुरते. सांताक्रूझच्या पावसाला ती लावली तर मासिक सरासरींतील प्रचरणाचा सुमारे दोन तृतीयांश भागच पकडला जातो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिचे उत्तर उणे येते. उणे पाऊस ही कल्पना कळव्यात कोणी मान्य करणार नाही. दुसरी लाट मिळवली की पकड नऊ-दशांशापर्यंत जाते. जूनमधला उभा चढ आणि सप्टेंबरनंतरचा लांब उतार दाखवायला तिसरी आणि चौथी लागते. लाटांची संख्या वाढवताना नोंदीतला योगायोगही सूत्रात शिरतो. किती लाटांवर थांबायचे ते अकाईके निकषासारख्या कसोटीने ठरवतात.

या पद्धतीची खरी ताकद महिन्यांच्या बेरजांवर दिसत नाही. ती दिसते पावसाच्या संभाव्यतेवर लावल्यावर. १९८४ साली स्टर्न आणि को यांनी मांडलेली दोन टप्प्यांची रीत अशी आहे. आधी विचारायचे: आज पाऊस पडेल का? उत्तर काल पाऊस होता की नव्हता यावर अवलंबून ठेवायचे, म्हणजे मार्कोव्ह साखळी. मग पडला तर किती, यासाठी गॅमा वितरण. आणि या सगळ्या संभाव्यता व वितरणाची मापे स्थिर न ठेवता वर्षभर लाटांच्या सूत्राने बदलू द्यायची. उणे पावसाचा प्रश्न मिटतो, सरासरीबरोबर विचलनही ऋतूप्रमाणे हलते, आणि ‘आवणीनंतर दहा दिवसांची उघडीप पडण्याची शक्यता किती’ यासारखा शेतकऱ्याचा प्रश्न थेट सोडवता येतो. शहापूर-मुरबाडच्या भातशेतीसाठी हंगामाच्या एकूण बेरजेपेक्षा हे उत्तर कितीतरी मोलाचे. ही रीत चाळीस वर्षे जुनी असूनही सार्वजनिक चर्चेत बेरजेचाच आकडा फिरतो, कारण बेरीज एका ओळीत मावते.

वर्षावर्षांतील फरक मोजताना त्या-त्या कालखंडाची सरासरी वजा करून त्याच कालखंडाच्या प्रमाण विचलनाने भागणे हा किमान नियम आहे. हवामान विभागाचे जिल्हावार वर्गीकरण मात्र टक्केवारीवर चालते: सरासरीच्या १९ टक्के वर-खाली सामान्य, २० ते ५९ टक्के अधिक, ६० आणि पुढे अत्यधिक. जुलैत हे ठीक दिसते. जानेवारीत एक अवकाळी सर आली तरी जिल्हा शेकडो टक्के ‘अत्यधिक’ होतो, आणि तो नकाशा निळा रंगवणाऱ्याचीही त्यात चूक नसते. मॅकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक या अडचणीवर तोडगा काढतो. कोरड्या कालखंडाची संभाव्यता वेगळी धरायची, उरलेल्याला गॅमा वितरण लावायचे आणि आलेली संभाव्यता प्रमाणित प्रसामान्य वक्रावर उतरवायची. मग जुलै आणि ऑक्टोबर एका पट्टीवर मोजता येतात. पण ज्या महिन्यात तीसपैकी पंचवीस वर्षे शून्य आहेत, तिथे हा निर्देशांकही अर्थहीन होतो. कोकणात त्याचा उपयोग जून ते ऑक्टोबरपुरताच, किंवा बारवी-भातसा धरणांच्या साठ्याशी तुलना करायची तर बारा महिन्यांच्या सरकत्या बेरजेवर.

श्रेणीचे कल, ऋतुचक्र आणि अवशेष असे तीन भाग करणाऱ्या पद्धती अर्थशास्त्रातून आल्या. त्यांतली क्लीव्हलँड आणि सहकाऱ्यांची १९९० ची स्थानिक समाश्रयणाची पद्धत आज सर्वाधिक वापरली जाते, कारण ती ऋतुचक्राला वर्षानुवर्षे हळूहळू बदलू देते. ठाण्याच्या तापमानासाठी ती उत्तम. पावसासाठी घटकांची बेरीज न करता गुणाकार धरावा लागतो, आणि कोरड्या महिन्यांतल्या शून्यांपुढे गुणाकार हात टेकतो.

दीर्घ कलासाठी बहुतेक अभ्यासक मान-केंडॉल चाचणी आणि मूळचे कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ प्रणवकुमार सेन यांनी १९६८ मध्ये मांडलेला मध्यक-कल वापरतात. दोन्हींना वितरणाचा आकार लागत नाही आणि २००५ सारखे एखादे वर्ष उत्तर बिघडवत नाही. १९८२ मध्ये हर्श आणि सहकाऱ्यांनी या चाचणीची ऋतुवार आवृत्ती दिली: जूनची जूनशी, जुलैची जुलैशी तुलना करून गुण मिळवायचे. तिची मर्यादा मात्र नेमकी या विषयाच्या मर्मावर येते. जून घटत असेल आणि सप्टेंबर वाढत असेल, तर दोन्ही गुण एकमेकांना खाऊन टाकतात आणि चाचणी ‘कल नाही’ म्हणते. महिनावार निकाल आधी पाहावेत, एकत्रित निकाल नंतर.

एकूण आणि तीव्रता यांचे कल वेगळे असू शकतात, याचे भारतातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतून आले. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या आणि हंगामाची बेरीज जवळपास तशीच राहिली. त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये १९५० पासून मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे नोंदवले आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या चढउतारांशी जोडला. हे निष्कर्ष मोठ्या क्षेत्रावरील अनेक केंद्रे एकत्र करून काढलेले आहेत. एका केंद्राच्या नोंदीत ते तसेच दिसावेत अशी अपेक्षा ठेवता येत नाही, कारण एका जागी अतिवृष्टीचे दिवस इतके थोडे असतात की योगायोगाचा गोंगाट कलापेक्षा मोठा होतो. मुंबई-ठाण्याच्या प्रत्येक तुंबलेल्या दिवसाला मध्य भारताचा आलेख चिकटवणे ही लोकप्रिय पण चुकीची सवय आहे.

हंगामाच्या पोटातही एक ताल असतो. झड आणि उघडीप. राजीवन, सुलोचना गाडगीळ आणि भाटे यांनी २०१० मध्ये दिलेली व्याख्या आता रूढ आहे: जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी पट्ट्यातल्या पावसाचे प्रमाणित विचलन सलग तीन दिवस उणे एकच्या खाली राहिले तर खंड, अधिक एकच्या वर राहिले तर सक्रिय काळ. या तालाचा शोध वर्णपट-विश्लेषणाने घेतात. त्यात ३० ते ६० दिवसांचा एक पट्टा आणि दहा-वीस दिवसांचा दुसरा ठळक दिसतो. फुरिएच्या वर्णपटाला वारंवारता कळते, पण ती कोणत्या वर्षी जोरात होती हे कळत नाही. त्यासाठी तरंगिका विश्लेषण वापरतात. डोंगराच्या पायथ्याशी या तालाचा संबंध जीविताशी आहे. १९ जुलै २०२१ रोजी कळव्यातील घोलाईनगरात दरड कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. दरडीसाठी एका दिवसाचा आकडा पुरेसा नसतो; आधीच्या काही दिवसांत माती किती भिजली होती, तेही लागते. जुन्या पावसाला दिवसागणिक घटते वजन देऊन काढलेला पूर्वपर्जन्य निर्देशांक इथे रोजच्या बेरजेपेक्षा अधिक सांगतो.

ऋतूच्या लहरीमागची दूरची कारणे शोधण्याची परंपरा भारतातच रुजली. १८७५ मध्ये हवामान विभाग स्थापन झाला, हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून अंदाज बांधले, आणि १९०४ मध्ये सर गिल्बर्ट वॉकर आले. ते केंब्रिजचे गणितज्ञ, बूमरँगच्या उड्डाणावर लेखन केलेले, हवामानशास्त्राचा पूर्वानुभव नसलेले. जगभरच्या वायुदाब, तापमान आणि पावसाच्या नोंदींचे सहसंबंध त्यांच्या कार्यालयाने हाताने काढले. त्यातून दक्षिणी दोलन सापडले, जे आज एल निन्योच्या चर्चेचा अर्धा भाग आहे. शेकडो सहसंबंध काढले तर काही नुसत्या योगायोगाने मोठे येणारच, हे वॉकर यांनी ओळखले आणि त्यासाठी कसोटीही सुचवली. आजच्या संगणकी शोधांत ही खबरदारी अनेकदा हरवलेली दिसते. पोर्ट डार्विनच्या वायुदाबावर त्यांनी १९३१ मध्ये केलेल्या कामामुळे स्वसमाश्रयणाची समीकरणे यूल यांच्याबरोबर त्यांच्याही नावाने ओळखली जातात.

याच परंपरेत १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप आले. चौदा वर्षे त्याने निभावले. २००२ साली अंदाज १०१ टक्क्यांचा होता आणि पाऊस ८१ टक्के झाला. जुलै देशभर जेमतेम निम्मा पडला. दोष केवळ या प्रारूपाचा नव्हता. एखाद्या घटकाचा पावसाशी सहसंबंध उणे ०.६ असला, तरी प्रचरणाचा छत्तीस टक्केच भाग स्पष्ट होतो, आणि तो सहसंबंधही दशकागणिक सरकतो. १९९७ चा एल निन्यो प्रचंड होता, तरी पाऊस १०२ टक्के पडला. दोनच वर्षांनी कृष्णकुमार, राजगोपालन आणि केन यांनी एल निन्यो आणि मोसमी पाऊस यांचे नाते सैल झाल्याचे मांडले. असे सरकणारे नाते पकडण्यासाठी सरकत्या खिडकीचा सहसंबंध वापरतात. पण अगदी स्वतंत्र दोन श्रेणींचाही सरकता सहसंबंध वर-खाली होतच असतो; चढउतार खरा आहे की खिडकीचा खेळ, हे कृत्रिम श्रेणी तयार करून तपासावे लागते.

उरतो टोकाच्या पावसाचा प्रश्न. वर्षातला सर्वांत मोठा दिवस घेऊन त्याला गुंबेलचे किंवा त्याहून व्यापक असे टोकमूल्यांचे वितरण लावतात आणि आवर्तन काळ काढतात. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी एक टक्का. तीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्याला असा दिवस किमान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के होते. कुलाब्याला ५ जुलै १९७४ ची ५७५.६ मिलिमीटरची नोंद आहे. सांताक्रूझच्या श्रेणीत २००५ आधीचे काहीही ९४४ च्या जवळपास जात नाही. त्या एका वर्षासह आणि त्याशिवाय वितरण बसवले, तर शेपटीचा आकार बदलतो आणि नाल्याच्या रुंदीचे उत्तरही. जवळची अनेक केंद्रे एकत्र करून शेपटी ठरवणारी हॉस्किंग आणि वॉलिस यांची प्रादेशिक पद्धत यासाठीच आहे.

खाडीकाठी मात्र पावसाची टोकमूल्ये एकटी पुरत नाहीत. २६ जुलै २००५ ला दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या आसपास भरती होती, आणि नाल्यांतले पाणी खाडीत उतरायला वाट नव्हती. भरती हा हरात्मक विश्लेषणाचा सर्वांत यशस्वी विषय. तिचे वेळापत्रक वर्षभर आधी छापता येते आणि महापालिका पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्यांची यादी दरवर्षी जाहीर करतात. पाऊस यादृच्छिक, भरती ठरलेली. दोन्ही एकत्र येण्याची संभाव्यता काढताना वर्षभराची नोंद एकत्र ओतली, तर कोरड्या आठ महिन्यांमुळे उत्तर फसवे येते; समुद्राची सरासरी पातळीही ऋतूबरोबर हलत असल्याने निव्वळ ऋतुचक्रच खोटा सहसंबंध तयार करते. हिशेब जून ते सप्टेंबरच्या आत, आणि शक्यतो पंधरवड्यागणिक मांडला पाहिजे. दिवसाचा आकडा इथे निरुपयोगी, कारण भरतीचे शिखर दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते आणि धोका त्याच्या आसपासच्या दोन-तीन तासांचा असतो. तासाच्या, पावतासाच्या नोंदी देणारी स्वयंचलित पर्जन्यमापके अलीकडची आहेत. त्यांच्या आखूड श्रेणीवरून पावसाचे तासांतले वाटप घ्यायचे, कुलाबा-सांताक्रूझच्या लांब श्रेणीवरून दिवसांची शेपटी घ्यायची, आणि या दोहोंतून हजारो कृत्रिम हंगाम तयार करून ते छापील भरतीवर टाकायचे, ही आज उपलब्ध असलेली सर्वांत विश्वासार्ह वाट आहे.